आतून लावलेली कडी

…तर तिथवर आलो होतो आपण: लाल फीत ताणून बांधलेली, नगराध्यक्ष कात्री उगारून उभे, आणि मावशीचा पत्ताच नाही!

मावशी मूळची शिवणवाली. मशीन सोडून एका संस्थेत शिरली. पाण्याचे नि स्वच्छतेचे नियम सरकारकडून नीट करून घ्यायचे, हे त्या संस्थेचं काम. टायरच्या दुकानावरची एक खोली, चार खुर्च्या, त्यातली एक तीन पायांची. पण तोंडं दणदणीत! वस्तीतल्या बायकांना उजाडायच्या आत रेल्वेच्या रुळांकडं जावं लागे. त्यांना घेऊन मावशीनं नगरपालिकेचे उंबरे झिजवले आणि धोरणात कलम घालून घेतलंच: ‘दर गल्लीला शौचालय.’

नगरपालिकेनं शब्द पाळला. अगदी तेवढाच पाळला! फरशा चकचकीत, दारं भक्कम, नळ ऐटीत. फक्त नळाच्या मागं पाइपच नाही.

अभियंता म्हणाला, “कलमात पाणी कुठंय, मावशी? मसुदा तुमचाच.”

खरंच होतं. शौचालय, शौचालय म्हणून घसा कोरडा केला आणि पाणी लिहायचंच राहिलं. भांडणाऱ्यांचं हे असंच होतं.

संस्थेचे सर म्हणाले, “उद्घाटन होऊन जाऊ दे. पाणी पुढच्या वर्षी मागू.”

“सर, फीत कापली की काम संपल्याचा शिक्का बसतो. मग आपल्याला दारात तरी कोण उभं करतंय?”

“पण चूक आपलीच ना?”

“आपलीच! म्हणून तर आपणच निस्तरायची.”

सर चष्मा पुसत बसले. मावशी तरातरा निघून गेली, आणि उद्घाटनाच्या दिवशी गायब.

वाजंत्री थांबली, आणि शौचालयाच्या एका दाराला आतून खट्‌दिशी कडी लागली. फितीखालून वाकून मावशी कधीच आत गेली होती!

“कोण आहे आत?” नगराध्यक्ष गरजले.

“लाभार्थी!”

गर्दी खो खो हसली. गर्दीतली मावशीची सून बिचारी लाजून चूर. “आई, बाहेर या हो, लोक हसतायत!”

“हसू दे गं. पाणी आल्याशिवाय मी बाहेर येत नाही. तुला यायचं तर ये, शेजारचं रिकामं आहे.”

सुनेनं घटकाभर इकडंतिकडं पाहिलं, पदर खोचला आणि वाकली फितीखालून. तिच्यामागं भाजीवाली, तिच्यामागं तिची जाऊ. खट्‌, खट्‌, खट्‌! बघता बघता सगळी दारं बंद. आता फीत कापून उघडायचं काय?

अभियंत्यानं कपाळावरचा घाम टिपला आणि मावशीचं दार वाजवलं. “हट्ट सोडा, मावशी. पाइपाला वरून मंजुरी लागते, महिने जातात. तोवर काय आतच बसणार?”

आतून आवाज आला, “साहेब, इतकी वर्षं रुळांच्या कडेला बसलो आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला उठून उभं राहिलो. इथं निदान दार तरी आहे. आम्हाला कसली घाई? घाई तुम्हाला!”