डॉक्टरांनी सांगितलेली शीळ

सकाळची शाळा होती. घाईघाईत बेसिनपाशी चूळ भरली, तर पाणी तोंडात राहीना. ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून धार लागली आणि गाऊनचा गळा भिजला. पुन्हा भरली, पुन्हा तेच. मागे दाढीसाठी ताटकळत उभा असलेला नवरा म्हणाला, "लहान मुलासारखं काय चाललंय?" मी वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या हातातला दाढीचा ब्रश खाली पडला.

मग मी आरशात नीट पाहिलं. उजवा अर्धा चेहरा माझाच होता. डावा मात्र इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. कपाळावर आठी नाही, ओठ ओघळलेला, आणि डोळा मिटायला गेले तर बुबुळ वर सरकायचं, पापणी मात्र अर्ध्यावरच अडायची.

नवी गोष्ट म्हणजे मी घाबरले. मी सहसा घाबरत नाही, घाबरवते. नवीन पनवेलमधल्या एका शाळेत मी मराठी शिकवते आणि पर्यवेक्षिका आहे. पर्यवेक्षिकेला छडी लागत नाही, चेहरा लागतो. माझा तसा होता. वर्गाच्या दारात उभं राहून डावी भुवई नुसती उचलली की मागच्या बाकापर्यंत शांतता पसरायची. पालक भेटायला आले की आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायचे, मग मुलाकडे, आणि काय समजायचं ते समजून जायचे. खांदा कॉलनीतल्या आमच्या इमारतीतसुद्धा जिन्यात क्रिकेट खेळणारी पोरं माझी चाहूल लागताच चेंडू खिशात घालायची. मला हे आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू?

रिक्षात बसून डॉक्टरांकडे जाताना नवरा माझा हात धरून बसला होता. लग्नानंतर रिक्षात हात धरण्याची ती पहिलीच वेळ असावी. दोघांच्याही मनात एकच शब्द होता, पण तो कुणी उच्चारला नाही.

डॉक्टरांनी मात्र पहिल्याच मिनिटात विचारलं, "भुवया वर करा बघू. दोन्ही."

उजवी वर गेली. जिच्यावर माझी शाळा चालत होती ती डावी जागची हलली नाही.

"चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले.

"यात चांगलं काय आहे?" मी म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले. 'चांगलं' नीट आलं, पण पुढे "मला अर्धांग" म्हणताना 'म' फुसकन बाहेर गेला.

त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूतला झटका असता तर कपाळ बहुधा शाबूत राहिलं असतं. इथे कपाळासकट सगळी बाजू गेली आहे, हातपाय ठणठणीत आहेत, म्हणजे चेहऱ्याची नस सुजली आहे. गोळ्या घ्यायच्या, डोळ्यात थेंब घालायचे, झोपताना पापणी चिकटपट्टीने बंद करायची, बाहेर जाताना गॉगल लावायचा आणि व्यायाम करायचे. बहुतेकांचा चेहरा परत येतो. "थोडा धीर धरा," ते म्हणाले.

धीर मी धरला असता, पण माणसांनी धरू दिला नाही. दुपारपर्यंत इमारतीत बातमी पसरली होती की बाईंना लकवा मारला. संध्याकाळपासून माणसं यायला लागली. प्रत्येकाने येताना एक कारण आणलं होतं. कुणी म्हणालं एसीचा वारा, कुणी म्हणालं खिडकीतला वारा, तर खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या की ओले केस. दारावर मासे घेऊन येणारी कोळीण टोपली खाली ठेवून माझ्या हनुवटीला धरून म्हणाली, "बाय, वारा लागला हाय तुला. पारव्याचा रगात चोल. आमचे गावान एका बाईला गुन आला." पारवे आमच्या बाल्कनीत पुष्कळ होते. मी त्यांच्याकडे बघितलं, ते माझ्याकडे बघत होते. मी बोंबील घेऊन तिला निरोप दिला.

पण या सगळ्यांत एक गोष्ट मला फार लागली. माणसं माझ्यासमोर बसून माझ्याबद्दल माझ्या नवऱ्याला विचारत होती. "आता कशा आहेत? खातात का? त्यांना कळतं ना सगळं?" मी समोर बसून पोहे खात होते. एक आत्या माझ्याशी बोलल्या, पण इतक्या मोठ्याने आणि इतक्या सावकाश, की जणू मी तळमजल्यावर आणि त्या गच्चीवर. अर्धा चेहरा बंद पडला तर माणसांनी माझं डोकंही बंद धरलं होतं. काल याच आत्या नातवाच्या प्रवेशासाठी मी शब्द टाकावा म्हणून आल्या होत्या.

शेवटी मी नवऱ्याला म्हटलं, "उद्यापासून कुणी विचारलं तर सांग, तिलाच विचारा." तो माझ्या पाठीमागच्या उशा नीट करत म्हणाला, "बरं, विचारतो तिला." मग आम्ही दोघंही हसलो. माझं हसू फक्त उजव्या बाजूने आलं, पण आलं.

व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट माझ्या माजी विद्यार्थिनींच्या वयाची होती. तिने मला आरशासमोर बसवलं आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. गाल फुगवा. नाक मुरडा. दात दाखवा. प, फ, ब, भ, म म्हणा. ओष्ठ्य वर्ण म्हणजे ओठांना ओठ लागून होणारे वर्ण, ही व्याख्या मी कितीतरी वर्गांना पाठ करायला लावली आहे. त्या व्याख्येचा अर्थ मला तिच्या समोर बसून कळला. 'भाजीभाकरी' हा शब्द किती अवघड आहे, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का?

"आता शीळ घाला," ती म्हणाली.

"मला येत नाही."

"कधीच नाही घातली?"

कधी घालणार? आमच्या घरी भाऊ दिवसभर शीळ घालत हिंडायचा. मी एकदा ओठांचा चंबू केला होता, तर वडिलांनी वर्तमानपत्राच्या आडून नुसतं पाहिलं होतं. चेहऱ्याने गप्प करण्याची विद्या मला तिथूनच मिळाली असावी.

"मग शिका," ती सहज म्हणाली. "दिवसातून निदान दहापंधरा मिनिटं. ओठांना याच्यासारखा व्यायाम नाही."

घरी येऊन मी हॉलमध्ये खुर्ची टाकली आणि सुरुवात केली. आवाज आला तो शिट्टी गळकी असलेल्या कुकरसारखा. सोफ्यावर सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि या घरात चेहऱ्याच्या बाबतीत मी दुसऱ्या क्रमांकावर आहे. त्यांची माळ थांबली.

"हे काय?"

"शीळ घालतेय आई."

"बाईमाणसानं? घरात?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

माळ पुन्हा सुरू झाली. मी थक्क झाले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या वाक्याचा शोध मला आजच लागला होता. नुसतं वाक्य नव्हतं ते, परवानाच होता. पुढच्या काही आठवड्यांत मी ते मनसोक्त वापरलं. दूरच्या नात्यातल्या साखरपुड्याला जायचं नव्हतं, डॉक्टरांनी गर्दी टाळायला सांगितली होती. नवऱ्याने स्वयंपाक करायला हवा होता, डॉक्टरांनी फोडणीचा धूर डोळ्याला लागू द्यायचा नाही असं सांगितलं होतं, आणि हे तर खरंच होतं. त्या दिवसांत नवरा आमटी शिकला. पहिली आमटी आम्ही तिघांनी गप्प बसून खाल्ली. माझ्या गप्प बसण्याला कारण होतं, त्या दोघांच्या नव्हतं.

मात्र शीळ काही येईना. रोज सकाळी मी फुसफुस करायची, रोज सासूबाई डोळे मिटून जप करायच्या, आणि रोज त्यांचा चेहरा थोडा जास्त आंबट व्हायचा. एका सकाळी त्यांनी माळ खाली ठेवली.

"अगं, असं नाही! किती दिवस बघतेय. ओठ पुढे काढून काय फुंकणी फुंकतेस? जीभ खाली टेकव. खालच्या दातांना. आणि वारा थोडा सोड, सगळा एकदम नको."

"आई, तुम्हाला येते?"

त्या उठल्या, बाल्कनीच्या दारापाशी गेल्या, ओठ आवळले, आणि अशी लांब, गोल, शेवटी वर चढत जाणारी शीळ घातली की कठड्यावरचे सगळे पारवे एकदम उडाले. समोरच्या इमारतीतून कुणीतरी डोकावलं.

लहानपणी त्या भाताच्या खाचरावर पाखरं राखायला बसायच्या. त्यांच्या शिळेने तीन शेतांवरची पाखरं उठायची, असं त्या म्हणाल्या. आणि त्यात अतिशयोक्ती असेल असं मला वाटत नाही. मग लग्न झालं आणि ते संपलं. "इथं कुठली पाखरं," त्या म्हणाल्या. नवरा आमटीची पळी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. आईच्या तोंडून त्याने आजवर फक्त आरत्या ऐकल्या होत्या.

त्या दिवसापासून आमचा वर्ग सुरू झाला. गुरू सोफ्यावर, शिष्या खुर्चीवर. त्या चुकलं की लगेच टोकायच्या आणि चुकून बरं झालं तरी कौतुक करायच्या नाहीत. ज्या दिवशी माझ्या ओठांतून पहिला खरा सूर निघाला, कापरा पण सूरच, त्या दिवशी त्या फक्त म्हणाल्या, "हं. आता चिमणी तरी उडेल."

चेहरा अजून निम्माच परतला होता तेव्हा मी शाळेत रुजू झाले. प्रार्थनेला गॉगल लावून उभी राहिले. नववीच्या वर्गात शिरले तर गोंगाट होता. सवयीने भुवई उचलायला गेले, काहीच झालं नाही. म्हणून मोठ्याने म्हणाले, "गप्प बसा!" पण तोंडातून निघालं "गफ्फ फसा."

मग मधल्या रांगेतून एक खुदकन आवाज आला आणि लगेच दाबला गेला. चाळीसएक मुलं डोळे खाली घालून बसली होती, खांदे गदगदत होते. मला वाटलं होतं की असं काही झालं तर मी रडेन. पण ते दाबलेलं हसू बघून मलाच हसू फुटलं.

"हसून घ्या," मी म्हणाले. "आणि मग सगळ्यांनी गाल फुगवा."

कारण सांगितलं. कुठली नस, काय झालं, शब्द का फुटतात. मग सगळ्या वर्गाने गाल फुगवले, नाकं मुरडली, प-फ-ब-भ-म म्हटलं. मुख्याध्यापिका दारातून जाता जाता थांबल्या, आत बघितलं आणि पुढे गेल्या. ओष्ठ्य वर्ण त्या वर्गाला कधी पाठ करावे लागले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. गॅदरिंग जवळ आलं होतं. सूत्रसंचालन नेहमी माझ्याकडे असे.

"यंदा तुम्ही आराम करा," त्या फार मायेने म्हणाल्या. "दुसऱ्या बाई करतील. व्हिडिओ वगैरे निघतो ना."

ती माया होती हे मला कळत होतं. पण आत्याबाईंचा मोठा आवाजही मायेनेच आला होता. मी म्हणाले, "मॅडम, बोलता मला येतंय. कॅमेरा उजवीकडे ठेवायला सांगा, आणि नाही ठेवला तरी चालेल." त्या म्हणाल्या, "स्क्रिप्टमध्ये 'प्रमुख पाहुणे' फार वेळा येतं हो." मी म्हटलं, "मी 'आजचे अतिथी' म्हणेन."

आणि तसंच केलं. सोपं नव्हतं. पहिल्या पाचदहा मिनिटांत ओठ थकले. पुढे बसलेल्या पालकांमधली कुजबूज मला मंचावरून दिसत होती. पण नाच सुरू झाले तशी माणसं आपापल्या मुलांकडे बघायला लागली आणि माझा चेहरा त्यांच्या लेखी मागे पडला.

कार्यक्रमानंतर एक गृहस्थ बायकोला घेऊन मंचामागे आले. आठवीतल्या एका मुलीचे वडील. पनवेलचेच कोकणी मुसलमान, बरीच वर्षं आखातात एका मोठ्या दुकानात विक्रेते होते.

"मॅडम, मलापण हाच आजार झाला होता तिकडे," ते म्हणाले. "गिऱ्हाईक बघतात म्हणून मालकाने मागे गोदामात बसवलं. चेहरा दुरुस्त झाला तरी पुढे काउंटरवर काही घेतलं नाही. मीपण मागितलं नाही. वाटलं, बरोबर आहे त्याचं."

"मग?"

"मग काय, सोडून आलो. इथे स्वतःचं दुकान टाकलं. पण अजून काउंटरवर भावाला बसवतो." त्यांनी मंचाकडे बोट केलं. "आज तुम्हाला तिथे उभं बघितलं."

त्यांची बायको इतका वेळ आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत होती. ती म्हणाली, "इनका बायाँ तो अब बराबर है, मैं कबसे बोल रही हूँ. माझं ऐकत नाहीत. मॅडम, तुम्हीच सांगा यांना, सोमवारपासून बसायचं म्हणून."

पर्यवेक्षिकेला असं काम कुणी द्यावं लागत नाही. मी त्यांना सांगितलं, पालकसभेत सांगते त्याच आवाजात, की सोमवारपासून काउंटरवर बसायचं, आणि मी येऊन बघणार. ते "जी मॅडम" म्हणाले. सोमवारी शाळा सुटल्यावर मी खरंच गेले. ते काउंटरवर होते. भाऊ आत माल लावत होता आणि जरा खूशच दिसत होता, कारण त्याला गिऱ्हाइकांशी बोलायचा कंटाळा होता. मी दोन स्टीलचे डबे घेतले.

माझा चेहरा आता जवळजवळ पूर्ण आला आहे. भुवईसुद्धा आली, पण मी तिला पूर्वीइतकं राबवत नाही. मुलं आता माझ्या केबिनमध्ये बिनकामाची येतात, हे मला अजून थोडं विचित्र वाटतं. एक खोड मात्र राहिली. नसा परत जुळताना कुठेतरी घोटाळा झाला असावा, त्यामुळे घास चावताना माझा डावा डोळा आपोआप मिटतो. डॉक्टर म्हणतात, हे राहील. परवा पळस्प्याजवळच्या हॉलमध्ये लग्नाला गेलो होतो. समोर नवऱ्या मुलाचे मामा बसले होते, भारदस्त मिशांचे. मी जिलेबीचा घास घेतला, डोळा मिटला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मी दुसरा घास घेतला. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि मिशांआडून हळूच हसले.

नवरा माझ्याकडे झुकून म्हणाला, "सांगू का त्यांना?"

"जेवण होऊ दे," मी म्हणाले, आणि मठ्ठा मागवला.