साडेतीनशे पानं

कल्लाप्पासारखा सरळ माणूस मी बघितला न्हाय, आणि त्याच्यासारखा हट्टीबी न्हाय. शाहूपुरीतल्या माझ्या छपाईच्या दुकानात अठ्ठावीस वर्सं तो लग्नपत्रिका टाईप करतोय. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून पाचला दुकान सोडणार म्हंजे सोडणार. पहिल्याच दिवशी मी त्याला बजावलेलं, अर्धं काम गिऱ्हाईकाला दाखवायचं न्हाय. अर्धं बघितलं की लोक बसल्या जागी शंभर खोड्या काढतात आणि मामाच्या मामाचं नाव घालायला लावतात. ते त्यानं आजवर पाळलं.

दिवाळी झाल्यावर निशिगंधा आली. गडहिंग्लजकडची पोरगी, जन्मापासून आंधळी, इथं हॉस्टेलवर राहून सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. वयाच्या अटीत ही शेवटचीच परीक्षा. न्हाय जमलं तर बाप गावाकडं नेणार होता, कायमचं. तिला लागणारं पुस्तक जुनं, पुसट छपाईचं. फोटो काढून दिलं तर मोबाईल निम्मं चुकीचंच वाचतोय म्हणली. कुणी टाईप करून दिलं तर मात्र सगळं नीट वाचून दाखवतो. साडेतीनशे पानं! मी न्हाय म्हणणार तेवढ्यात कल्लाप्पा म्हणाला, मी करतो. पैशाचं नाव काढू दिलं न्हाय.

चार महिने तो सकाळी सातलाच यायचा. दुपारी डबा खाल्ला की परत तेच. निशिगंधा मधी दोनदा येऊन गेली. एखादं पान पाठवा, ऐकून बघते, एवढंच म्हणत होती. कल्लाप्पा म्हणायचा, पुरं झालं की एकदमच घे. मी शेजारी बसून मान डोलवत होतो. आग लागो त्या मानेला.

परीक्षेला नऊ दिवस असताना तिला बोलावून त्यानं सगळी फाईल तिच्या मोबाईलवर पाठवली. तिनं तिथंच उभ्या उभ्या लावली. मोबाईल सुटं सुटं इंग्रजी बडबडायला लागला, मधीच कंस, मधीच स्लॅश. मराठीचा एक शब्द न्हाय. कल्लाप्पा पडद्याकडं बोट करून तिला सांगत होता, बघ की, किती स्वच्छ आलंय. कुणाला बघ म्हणतोय, याचं भान राहिलं न्हाय त्याला.

कारण मागनं कळलं. आमचा पत्रिकेचा फॉन्ट जुना. पडद्यावर मराठी दिसतं, पण कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजीच अक्षरं साठतात. आम्हा डोळसांना काय फरक? कागदावर छान उमटलं की काम झालं. मराठी अक्षर मराठीच म्हणून साठवणाऱ्या युनिकोडमधी टाईप केलं असतं तर मोबाईलनं घडाघडा वाचलं असतं. एक पान दाखवलं असतं तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. त्याची चूक म्हणून मी मोकळा होऊ शकत न्हाय, कारण ती शिकवण माझी.

फॉन्ट बदलायचं सॉफ्टवेअर आणलं, तर त्यानं सगळी जोडाक्षरं मोडून ठेवली. ओळ न् ओळ हातानं सुधारायची. कल्लाप्पा आठ-आठ वाजेपर्यंत बसायचा, म्हंजे जेवायची वेळ गेलेली, तसाच उपाशी झोपायचा. नऊ दिवसांत साठ पानं झाली.

निशिगंधा सात मार्कांनी राहिली. बापाबरोबर गावाकडं जाताना आमच्या दुकानात येऊन दोघांच्या पाया पडली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

कल्लाप्पा काय थांबला न्हाय. जूनपर्यंत पुस्तक सुधारून काढलं, मोबाईलवर स्वतः सगळं ऐकलं. मग माझ्यासमोर स्पीकरवर तिला फोन लावला.

"निशिगंधा, झालं बघ पुस्तक. सगळं वाचतंय. पण तुला आता..."

"पाठवा की काका," ती शांतपणे म्हणाली. "दिवसभर घरात बसूनच असते. काहीतरी ऐकायला होईल."

कल्लाप्पानं पाठवून दिलं.