करा, नका आणि मिस्त्रीचाचा

"हे जाड लावू की बारीक?" असं विचारलं की मिस्त्रीचाचा चष्मा कपाळावर चढवायचे, पेन्सिल कानामागे खोचायचे आणि म्हणायचे, "दिसन कसं, थे मले नोको इचारू. थे हाये काय, थे मी लिहून देल्लं हाये."

छापखान्यात काम केलेल्यांना गिऱ्हाईक कसं असतं ते वेगळं सांगायला नको. त्याला मजकुराशी कर्तव्य नसतं. त्याला आपलं नाव थोरल्या साडूच्या नावापेक्षा मोठं हवं असतं. सत्तरच्या दशकात मी कारंज्याच्या एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर लावायचो. येणारा प्रत्येक जण कागदावर बोट ठेवून सांगायचा, "हे ठळक, हेबी ठळक, अन् थे तं ठळकच." एकदा एका उमेदवाराचं अख्खं पत्रक असं ठळक लावून दिलं. त्यानं ते हातभर लांब धरून पाहिलं आणि मलाच विचारलं, "मंग आता ह्याच्यात महत्त्वाचं कोन्तं?"

अशा दिवसांत मिस्त्रीचाचा आले. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. गावातल्या एका व्यापाऱ्यानं नवे पाठीवरचे पंप विकायला आणले होते आणि त्यांच्यासोबत द्यायची मराठी माहिती एका विद्वान गृहस्थांकडून लिहून घेतली होती. तिच्यात एक वाक्य होतं : 'नलिकाग्रातून तुषारनिर्मिती न झाल्यास ते विलग करून प्रक्षालन करावे.' एका शेतकऱ्यानं ती चाचांना वाचून दाखवली. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे नलिकाग्र कोन्त्या तालुक्यात येते?"

मग त्यांनी माहिती स्वतःच लिहिली. 'नोझलमधून पाणी येत नसेल तर नोझल काढा. पाण्यात धुवा. तोंड लावून फुंकू नका. जहर पोटात जाईल.'

नवल मजकुराचं नव्हतं, समासाचं होतं. प्रत्येक ओळीसमोर त्यांनी लाल-निळ्या पेन्सिलीनं एकेक शब्द लिहिला होता. पंपाच्या भागाचं नाव असेल तिथं 'नाव'. हातानं करायचं काम असेल तिथं 'करा'. करायचं नसेल तिथं 'नका'. आणि न ऐकल्यास काय घडेल, तिथं 'होईल'. एवढ्या चारच खुणा. अक्षर कोणतं, केवढं, काळं की तिरपं, याबद्दल एक अक्षर नाही.

मी म्हटलं, "चाचा, पण 'नका' कसं लावू थे तं सांगा."

"थे तुह्यं काम. मी पंपवाला. ही ओळ मानसाले थांबवाची हाये, येवढं मले मालूम. कशानं थांबते थे तू पाह्य."

सगळे 'नका' मी जाड टायपात लावायला घेतले. अर्ध्यावर 'न'चे खिळेच संपले. आमच्या जाड टायपात 'श्री' ओंजळीनं, 'चि.' आणि 'सौ.' खण भरून, पण धडके 'न' मोजके. लग्नपत्रिकेत नकार कोण छापतो? शेवटी मी जाड टायप सोडला आणि प्रत्येक 'नका'भोवती लग्नपत्रिकेच्याच किनारीची चौकट घातली. चाचांच्या कागदावर एक काडीही बदलावी लागली नाही. प्रूफ बघून ते म्हणाले, "बेस. नवरदेवासारकं दिसून राह्यलं, पन थांबोते."

पुढे त्या चार खुणांचा आणखी उपयोग कळला. व्यापारी म्हणाला, सुट्या भागांची यादी पाहिजे. मी चाचांच्या कागदावरचे सगळे 'नाव' वेगळे उचलले, यादी तयार. चावडीवर लावायला एकच कागद हवा होता, तर फक्त 'नका' उचलले. लिहिणं एकदाच, छापणं तीनदा. मजकुरातली प्रत्येक ओळ आपण कोण आहोत हे ओळखून होती, म्हणून हाक मारली की येत होती. मला त्या वेळी हे एवढं नीट सांगता आलं नसतं. मी फक्त खूश होतो, कारण काम कमी झालं होतं.

हीच खुशी भोवली. शेती खात्याच्या एका साहेबांच्या हाती ते पत्रक पडलं आणि साहेबांना पद्धत आवडली. सरकारात एखादी गोष्ट आवडली की तिच्यासाठी समिती नेमतात. तशी ती नेमली. चाचांना बोलावणं आलं आणि छापणारा म्हणून मलाही.

पहिल्या बैठकीत साहेब म्हणाले, "चार खुणा म्हणजे फारच त्रोटक झालं. यात सन्माननीयांच्या संदेशासाठी खूणच नाही."

ती घालण्यात आली. मग एका सदस्यानं विचारलं, संदेश देणारे मान्यवर बदलीवर गेले तर? तेव्हा 'मान्यवर' आणि 'मान्यवर (माजी)' अशा दोन झाल्या. 'करा' हा शब्द उद्धट वाटतो, म्हणून 'करण्यात यावे' झाला. 'नका' तर नकारात्मकच. त्याची 'सूचना', 'उपसूचना' आणि 'पूरक टीप' अशी तीन वर्गांत वाटणी झाली आणि कोणती ओळ कोणत्या वर्गात हे ठरवायला उपसमिती बसली. तिसऱ्या बैठकीत खुणा एकेचाळीस झाल्या होत्या. त्या समजाव्यात म्हणून एक मार्गदर्शिका निघाली. ती छापायची वेळ आली तेव्हा कोणाच्या तरी ध्यानात आलं की मार्गदर्शिकेतल्या मजकुरालाही खुणा केल्या पाहिजेत. आणि 'खूण' या गोष्टीसाठीच खूण नव्हती. बेचाळिसावी झाली.

चाचा प्रत्येक बैठकीला इस्त्रीचा सदरा घालून यायचे, चहा घ्यायचे, ऐकायचे. एकदाच बोलले.

"साह्यब, एक इचारू? इतक्या खुनाईत फवारा मारनारा मानूस कोटी हाये?"

साहेबांनी मार्गदर्शिका चाळली. "लाभार्थी," ते म्हणाले. "खूण क्रमांक अडतीस."

चाचांनी 'औषध' या शब्दालाही हरकत घेतली होती, पण ती लेखी. त्यांचं म्हणणं साधं होतं. औषध म्हटलं की माणूस बोट बुडवून चाटून पाहतो. जहर आहे तर जहर लिहा. साहेबांनी 'पीकसंरक्षक द्रावण' लिहिलं.

त्या हंगामात कपाशीवर अळी आली आणि समितीचं पहिलं पत्रक आमच्याच छापखान्यात आलं. खुणा जशा होत्या तसं मी लावलं. दर्शनी बाजूला फोटोंसह संदेश चार. मग प्रस्तावना. मग द्रावणाचं प्रमाण. 'उघड्या हाताने ढवळू नका' ही ओळ 'पूरक टीप, वर्ग तीन' ठरली होती, म्हणून ती मागच्या बाजूला, तळाशी, सर्वात बारीक अक्षरांत. लावताना माझा हात क्षणभर अडखळला, हे खरं. पण मार्गदर्शिका समोर उघडी होती.

पंधरा दिवसांनी चाचा दुपारच्या वेळी छापखान्यात आले. त्यांच्यामागे एक बाई होती. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची, कमळाबाई. तिच्या नवऱ्यानं, उत्तमनं, बादलीत कोपरापर्यंत हात घालून औषध ढवळलं होतं आणि तसाच दिवसभर फवारत राहिला होता. संध्याकाळी तो बांधावर पडला. तोंडाला फेस, डोळ्यांना दिसेना. लोकांनी जीपमध्ये घालून त्याला कारंज्याच्या दवाखान्यात आणलं. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणाले होते. नजर परत येईल की नाही, ते सांगत नव्हते.

बाईच्या हातात आमचं पत्रक होतं, चार घड्या घातलेलं.

"मले वाचता येते," ती म्हणाली. "तिसरी शिकली हावो मी. वरून वाचाले लागली तं समदे साह्यबाईचे आशीर्वादच. म्या म्हनलं, आशीर्वादाचा कागद हाये. देवापाशी ठेवला."

चाचांनी कागद उलटा केला आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे तू लावलं ना?"

"हो."

"लावतानी तुले समजलं व्हतं, हे काय हाये थे?"

"समजलं होतं, चाचा. पण खूण तशी होती."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खिळ्यांच्या खणांकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "म्या त्या खुना केल्या थ्या तुले समजाव म्हनून. तुले समजत व्हतं तं खुनेची गरज कायची व्हती बाप्पा?"

आमचे मालक, शेठजी, गादीवर बसून हे ऐकत होते. जैन माणूस. किडे मारायच्या पत्रकांचं काम आलं की त्यांचा चेहरा पडायचा, पण छापखाना चालला पाहिजे म्हणून घ्यायचे. अजून वाटायचे राहिलेले गठ्ठे कोपऱ्यात होते. साहेबांचा शिपाई दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता.

"किती हायेत?" शेठजींनी विचारलं.

"निम्मे तरी असतील."

"पुढच्या बाजूनं मोकळी जागा हाये काय?"

"संदेश आहेत, शेठजी. मोकळी कुठली?"

"मंग संदेशावरूनच छाप." ते उठले आणि लग्नपत्रिकांच्या लाल शाईचा डबा स्वतः आणून माझ्यासमोर ठेवला. "किड्याचं पाप तं लागलंच हाये. मानसाचं नोको."

चाचांनी तिथंच उभ्या उभ्या चार ओळी सांगितल्या. मी छापखान्यातले सर्वात मोठे, लाकडी टायप काढले, जे आम्ही फक्त सर्कशीच्या जाहिरातीला वापरायचो. 'हे जहर आहे. काठीने ढवळा. वाऱ्याकडे तोंड करून मारू नका. हात धुतल्याशिवाय भाकर खाऊ नका, विडी ओढू नका.' सगळे गठ्ठे आम्ही पुन्हा मशीनवर चढवले. मान्यवरांच्या चेहऱ्यांवरून लाल अक्षरं गेली. कमळाबाई तिथंच बसून होती. पहिला कागद तिच्या हातात दिला. तिनं एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचला, पुन्हा वाचला, आणि मग तोंडाला पदर लावला.

पत्रकं वाटली गेली आणि खात्याचं पत्र आलं. मंजूर नमुन्यात विनापरवानगी तांबडा मजकूर घातल्याबद्दल खुलासा मागवला होता. शेठजींनी एका ओळीत खुलासा लिहिला : 'तो मजकूर मागील पानावर होताच, आम्ही फक्त पुढे आणला.' छापखान्याचं सरकारी काम बंद झालं. चाचांना समितीतून वगळल्याचं कळवण्यात आलं. समितीनं मात्र या प्रकरणातून बोध घेतला. त्रेचाळिसावी खूण तयार झाली : 'अनधिकृत मजकूर'.

उत्तमची नजर महिन्याभरानं बरीचशी परतली. उजव्या डोळ्यानं अंधुक दिसायचं, ते तसंच राहिलं. चाचा दोनदा तांड्यावर जाऊन आले. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी माफी मागायला म्हणून त्यांच्या दुकानात गेलो तेव्हा त्यांनी मला वायसर कापायला बसवलं आणि संध्याकाळपर्यंत उठू दिलं नाही. एवढीच शिक्षा.

त्यानंतर त्यांनी आणखी एक पत्रक लिहिलं : 'बिघडलेला पंप घरीच कसा खोलावा आणि जोडावा.' बाजारात हसू झालं. शेजारचा सायकलवाला म्हणाला, "चाचा, लोकं घरीच खोलाले लागले तं तुमच्याकडं येतीन कायले?"

"भेटाले येतीन," चाचा म्हणाले.

त्या पत्रकावर त्यांनी मरमर मेहनत केली. एकेक 'करा' लिहून झाला की वाटेनं जाणाऱ्या कुणालाही बसवायचे, वाचायला लावायचे आणि तो जे करील ते बघायचे. माणूस चुकला तर म्हणायचे, "तू नाई चुकला, मी चुकलो," आणि ओळ खोडायचे. माझ्या बायकोनं ते वाचून पंप खोलला आणि जोडला, तेव्हा कुठं त्यांनी ते छापायला दिलं. शेठजींनी छापलं.

दोन वर्षांनी एका उन्हाळ्यात चाचा गेले. आजार फार दिवसांचा नव्हता. त्यांना मूलबाळ नव्हतं. चाची भावाकडे निघून गेल्या. दुकानाला कुलूप लागलं.

कपाशीला बोंडं धरली त्या सुमारास मी त्या रस्त्यानं जात होतो. दुकानाच्या पायरीवर एक शेतकरी बसलेला दिसला. शेजारी पोत्यात गुंडाळलेला पंप. कामरगावहून पहिल्या बसनं आला होता. चाचा गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. त्यानं पंपावरचं पोतं सोडलं.

"मंग हा कोन खोलन?" तो म्हणाला. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्यानं ते पत्रक काढलं. मळलेलं, घडीवर फाटलेलं. "घरी व्हतं, पन मले वाचता येत नाई अन् पोरगी सासरी गेली. तुमी वाचता काय? मी खोलतो."

मी पायरीवर बसलो आणि वाचू लागलो. वाचताना मला माझेच खिळे दिसत होते, आणि मधूनच ते दिसेनासे होऊन चाचांचा आवाज येत होता. एक ओळ झाली की तो म्हणायचा, "हं, पुढं?" जाळी निघाली. नोझल निघालं. दांड्याजवळचं वायसर फाटलेलं होतं. सायकलवाल्यानं जुन्या ट्यूबचा तुकडा दिला आणि पत्रकात सांगितल्या मापानं त्यानं तो कापला. एका ठिकाणी त्यानं नोझल तोंडाजवळ नेलं. मी वाचायच्या आधीच सायकलवाला म्हणाला, "अं हं."

सगळं जोडून झालं. सायकलवाल्याच्या टपातलं पाणी टाकीत ओतलं. शेतकऱ्यानं पंप पाठीवर घेतला, दांडा चार वेळा खालीवर केला आणि नोझलचं तोंड बंद दुकानाकडे वळवलं. पाण्याचा बारीक, सारखा फवारा दाराच्या फळ्यांवर उडाला. उन्हानं तापलेलं कुलूप ओलं झालं आणि त्याच्यावरून धूळ निथळायला लागली.