भुकेची पट्टी नसलेला खेळ

वल्लरी घाडीला पट्ट्यांचा मनापासून राग होता. रानात एकट्याने जगून दाखवायचे जे व्हिडिओ गेम बाजारात येतात, त्यांतल्या बहुतेकांत पडद्याच्या कोपऱ्यात तीन-चार रंगीत पट्ट्या असतात. एक भुकेची, एक तहानेची, एक थंडीची. भुकेची पट्टी लाल झाली की दोन फळं खायची, पट्टी पुन्हा हिरवी. "हे रान नव्हे, हे मोबाइल चार्जिंगला लावणं झालं," असं ती बेंगळुरूत जयनगरच्या कचेरीत म्हणाली, तेव्हा कंपनीचा मालक अमित हसला होता. तो पुण्याचा. "मग तू बनव ना बिनपट्टीचा. बघू लोक कसे जगतात ते," तो म्हणाला. वल्लरीने ते शब्दशः घेतलं. गमतीत बोललेलं गमतीत सोडून देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

ती खानापूर तालुक्यातली, रानाला पाठ टेकून बसलेल्या एका गावातली. वडील तिथल्याच शाळेत मास्तर होते. बेळगावात इंजिनिअरिंग करून ती बेंगळुरूला आली, काही वर्षं एका मोठ्या कंपनीत हिशोबाच्या प्रणाली लिहिल्या, आणि मग सगळ्यांच्या सल्ल्याविरुद्ध अमितच्या या छोट्या कंपनीत शिरली. शहरात ती बेतानं बोलायची, बेतानं हसायची. पण खेळाचा आराखडा मांडायला बसली की तिचं गाव तिच्या बोटांतून उतरायचं. पावसाळ्यातलं लाकूड पेटत नाही, नुसतं धुमसतं, आणि त्या धुराने माणसापेक्षा जनावरच आधी सावध होतं, हे खेळात होतं. गेलेली वाट परतताना वेगळी दिसते, हेही होतं. गारठलेल्या बोटांनी गाठ बसत नाही, म्हणून रात्री बांधलेला आडोसा पहाटे सुटून पडायचा. वाट चुकलेली एक बाई आणि सह्याद्रीचं रान, एवढाच तो खेळ. तिचं शरीर काय सांगतंय ते ओळखून खेळणाऱ्याने तिला जगवायचं होतं.

सगळ्यांत अवघड गेली ती भूक. वल्लरीने स्वतः उपाशी राहून पाहिलं, तर डोकं दुखण्यापलीकडे काही हाती लागलं नाही. नुसतं डोकं धरून बसलेली बाई कोण कशाला बघेल? शेवटी उत्तर घरातच सापडलं.

वडील गेल्यावर आई, कस्तुराबाई, तिच्याकडे के. आर. पुरमला राहायला आली होती. यल्लम्मादेवीचा मंगळवार ती लग्नाआधीपासून धरायची. वर्षभरापूर्वी तिने शुक्रवारही धरला. दिवसभर काही नाही, दिवेलागणीला देवीपुढे दिवा लावून मगच केळं आणि गूळ. पूर्वी हे सगळं कसं सहज निभायचं, पण अलीकडे उपासाच्या दिवशी दुपार कलली की कस्तुराबाई वेगळ्याच दिसू लागत. पंख्याखाली बसूनही कपाळावर घामाचे थेंब. फुलं ओवताना दोरा सुईतून नव्हे, बोटांतूनच निसटायचा. वाक्य अर्ध्यावर अडायचं, आणि सापडायचा तो भलताच शब्द. मग एकदम संताप, आणि तोही क्षुल्लक कारणाचा. संध्याकाळी गुळाचा खडा पोटात गेला की थोड्याच वेळात बाई पूर्ववत हसतमुख.

"उपास लागलाय," आई म्हणायची. शेजारीपाजारीही तेच म्हणायचे. ज्या घरात उपासाचं नाव रोजचं असतं, त्या घरात उपासाने हात थरथरला तर कुणी कारण विचारत नाही. उलट त्या थरथरण्याचा थोडा मानच असतो. वल्लरीनेही विचारलं नाही. तिने निरखलं. तिने मोबाइलवर आईचे हात, आईचा चेहरा टिपला, आणि ते चित्रण कचेरीत ॲनिमेशन करणाऱ्या मंडळींना दिलं. खेळातल्या त्या बाईला आधी घाम फुटू लागला, मग तिच्या हातून वस्तू निसटू लागल्या, पडद्याच्या कडा धूसर झाल्या, आणि शेवटी ती चिडून स्वतःचीच शिदोरी भिरकावू लागली. वेळेत मध किंवा पिकलेलं फळ दिलं तर ती लगेच सावरायची. अमितने पाहिलं आणि खुर्चीवरून उठलाच. "वल्लरी, हे कुणीच केलेलं नाही गं. अंगावर काटा येतो!" त्या दिवशी वल्लरी बेतानं हसणं विसरून मोकळी हसली होती.

मग चाचणीचा दिवस आला. तो शुक्रवार होता. बाहेरच्या खेळाडूंना बोलावून खेळ खेळायला द्यायचा, आपण मागे बसून गप्प पाहायचं, मध्ये एक अक्षर बोलायचं नाही, ही त्या धंद्यातली पद्धत. त्या दिवशी आलेला शिवकुमार मूळचा निपाणीचा, के. आर. पुरमच्या पुढे होसकोट्याच्या एका कारखान्यात कामाला. रानातले झाडून सगळे खेळ खेळलेला गडी. वल्लरी खानापूरची म्हटल्यावर त्याने लगेच अक्का म्हणून नातं जोडून टाकलं.

"काय हे अक्का, तुमचं लाकूड आमच्या निपाणीच्या तंबाखूसारखं नुसतंच धूर काढतंय."

"बोलायचं नाही, खेळायचं," अमित मागून म्हणाला.

"बोलल्याशिवाय मी जेवत पण नाही, सर."

त्याने आग पेटवली, पाणी शोधलं, आडोसा बांधला. अन्नाकडे मात्र दुर्लक्ष केलं. पडद्यावरच्या बाईला घाम फुटला. तिच्या हातून कोयती निसटली. कडा धूसर झाल्या. वल्लरी शिवकुमारच्या पाठीकडे पाहत होती. ती पाठ एकाएकी ताठ झाली. त्याची बडबड थांबली. त्याने हातातला कंट्रोलर टेबलावर ठेवला, आणि त्याचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशातून चॉकलेट निघालं. ते त्याने तोंडात टाकलं, बाही वर सारून दंडावर चिकटवलेल्या गोल चकतीला मोबाइल लावला, आणि पडद्याकडे बोट करून मागे वळला. त्याचा चेहरा उतरला होता.

"हे कुणाचं आहे?"

"कुणाचं म्हणजे? आमचंच," अमित म्हणाला.

"तसं नव्हे. हे कुणाच्या अंगावर बघून केलंय? अक्का, मला लहानपणापासून मधुमेह आहे. माझी साखर आत्ता ठीक आहे, हे दंडावरचं मशीन सांगतंय, तरी नुसतं बघून माझा हात खिशात गेला. ही भूक नाही."

वल्लरीला वाटलं, हा स्तुतीच करतोय. "उपास आहे तो. उपासात असं होतं. शब्द चुकतात, चिडचिड होते, आणि संध्याकाळी गूळ खाल्ला की लगेच ठीक."

"उपाशी माणूस सुकतो, पेंगतो. असा घामाने निथळत नाही, असा बरळत नाही. आणि गोड खाल्लं की लगेच ताळ्यावर? रक्तातली साखर पार तळाला गेली की होतं हे. अजून थोडी खाली गेली तर माणूस पडतो, आणि प्रत्येक वेळी उठतोच असं नाही." त्याने खुर्ची वल्लरीकडे सरकवली. "ज्यांचं बघितलंत, त्या साखरेच्या गोळ्या घेतात काय?"

मधुमेह निघाल्यापासून आई गोळी घ्यायची. रोज सकाळी, घोटभर पाण्याबरोबर, न चुकता. उपासाच्या दिवशीही. गोळी म्हणजे काही अन्न नव्हे, गोळीने उपास मोडत नाही, असा तिचा नियम होता, आणि आईची ही शिस्त वल्लरीने चारचौघांत कौतुकाने सांगितली होती.

"आज शुक्रवार," ती म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

तिने आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. त्यात नवल काहीच नव्हतं, कारण देवीपुढे जपाला बसलेली आई फोनला हात लावत नसे. नवल नव्हतं म्हणूनच ते भयंकर होतं. आई जपाला बसलीय की पडलीय, हे त्या वाजत्या घंटीवरून कळणार कसं? तिने खालच्या मजल्यावरच्या कावेरीअक्कांना फोन केला. अक्का धारवाडकडच्या, मराठी मोडकी पण खणखणीत.

"अक्का, वर जा. चावी आहे ना तुमच्याकडे? आईला साखरेचं पाणी पाजा."

"अय्यो, आज तिचा शुक्रवार नव्हं? अजून दिवा लागला नाही. मी कशी पाजू?"

"मोडू दे उपास. मी सांगते ना."

"तू सांगतेस? अगं, तो शुक्रवार कुणासाठी धरलाय ठाऊक तरी आहे का तुला? तुझ्या त्या खेळासाठी. खेळ बाहेर पडेपर्यंत, म्हणून नवस बोललीय ती. मला सांगितलं, तुला सांगू नको म्हणाली. आणि तूच मोडायला सांगतेस? ते पाप माझ्या डोक्यावर नको गं बाई."

वल्लरीला शुक्रवारचा हा दुसरा उपास आयता मिळाला होता. निरखायला आणखी एक दिवस, म्हणून ती खूश झाली होती.

शिवकुमारने तिच्या हातातून फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि सरळ कन्नडमध्ये बोलू लागला. आवाज न चढवता, एकेक शब्द सुटा करून. आधी हाक मारा. ओ देतात का बघा. गिळता येतंय का बघा, येत असेल तरच घोट घोट पाणी द्या. बेशुद्ध असतील तर तोंडात काही ओतू नका, आधी दवाखान्याची गाडी बोलवा. पलीकडून "सरी, सरी" असा होकार दोनदा आला, मग जिन्यावरची पावलं, मग कुलपाचा आवाज. आणि मग कावेरीअक्कांची किंकाळी.

"देवीसमोर बसलीय, भिजून चिंब झालीय! मला ओळखत नाही. मला सुंदरी म्हणतीय, सुंदरी कोण?"

सुंदरी ही कस्तुराबाईंची बहीण. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"पाजा," शिवकुमार म्हणाला. "बोलतायत ना? मग पाजा."

कावेरीअक्कांनी पाजलं. कस्तुराबाईंनी पहिला घोट त्यांच्याच अंगावर थुंकला, शिव्या दिल्या, फुलपात्र ढकललं. अक्कांनी त्यांचं डोकं काखेत धरून दुसरं फुलपात्र लावलं, आणि कन्नडमध्ये देवीची माफी मागत मागत ते घशाखाली उतरवलं.

"आता सावरतील," शिवकुमार फोन ठेवत म्हणाला, "पण दवाखान्यात न्यायलाच पाहिजे. गोळी अजून पोटात आहे. साखर पुन्हा उतरेल. चला, मी येतो. माझा रस्ता तोच आहे."

रस्त्यावर गाड्या खोळंबलेल्या, म्हणून दोघं मेट्रोने निघाली. गर्दीत उभ्या उभ्या, आईला रिक्षाने दवाखान्यात नेणाऱ्या कावेरीअक्कांच्या फोनची वाट बघताना, वल्लरीचा अंगठा मोबाइलवर नको तिथे गेला आणि ते चित्रण सुरू झालं. आईचे हात. दोऱ्यापासून चुकणारी बोटं. आणि मागून एक शांत, समजूतदार आवाज, तिचा स्वतःचा: "आई, तशीच राहा जरा. आत्ता नको उठूस, उजेड चांगला आहे." मग आईचा अडखळता आवाज, "बरं... बरं," आणि आईचं ते बसून राहणं. लेकीला हवंय म्हणून ती बसून राहिली होती, आतून साखर उतरत असताना. वल्लरीने पडदा बंद केला. शेजारच्या बाईने तिला बसायला जागा दिली. आपण इतक्या कोलमडल्यासारख्या दिसतोय हे तिला त्यावरून कळलं.

दवाखाना के. आर. पुरम स्टेशनाजवळचाच होता. कस्तुराबाईंच्या हाताला सलाईन लावलं होतं आणि त्या उशीला टेकून कावेरीअक्कांशी भांडत होत्या.

"तू पाजलंस ते मला आठवत नाही. जे आठवत नाही ते देवी धरत नाही."

"माझी साडी धरते ना! सगळी थुंकलीस त्यावर."

"आणि हे सलाईन हातातनं जातंय, तोंडातनं नव्हे. माझा उपास आहे अजून." मग लेक दिसली. "तू कशाला आलीस गं काम टाकून?"

तरुण डॉक्टरीणबाईंनी वल्लरीला बाजूला घेऊन सांगितलं की आता पोटात अन्न गेलं पाहिजे, आजची रात्र इथेच राहायचं आहे, आणि गोळी घेऊन उपाशी राहणं पुन्हा एकदा जरी झालं तरी ते शेवटचं ठरू शकतं. परिचारिकेने उपम्याची बशी आणून ठेवली होती. कस्तुराबाई ती दूर सारत होत्या. तिन्हीसांज झाली नव्हती, आणि घरचा दिवा लावायला घरी कुणीच नव्हतं.

वल्लरी पलंगाच्या कडेला बसली. खोटं बोलायला ती लहानपणापासूनच कच्ची होती. "आई, खेळ बाहेर पडला."

"कधी?"

"आज. दुपारी. तुझा शुक्रवार संपला."

कस्तुराबाईंनी कावेरीअक्कांकडे रागाने पाहिलं, कारण गुपित फुटल्याचं त्यांना कळलं. मग तो राग विरघळला. "मग लोकांना आवडला काय?"

दाराशी उभा असलेला शिवकुमार पुढे झाला. "मी खेळलो, मावशी. लई खरा झालाय. बघवत नाही इतका खरा."

"होणारच," कस्तुराबाई त्याला म्हणाल्या, आणि त्या थकलेल्या चेहऱ्यावर असा काही अभिमान पसरला की वल्लरीला तो सोसवेना. "माझी पोर कुणाचं उसनं घेत नाही. सगळं स्वतःच्या डोक्यातनं काढते."

वल्लरीने चमच्यात उपमा घेतला. चमचा तिथेच राहिला. तिचा हात वर जाईना. कस्तुराबाईंनी थोडी वाट पाहिली, मग "आण इकडं, तुझ्याच्यानं व्हायचं नाही," म्हणून बशी काढून घेतली आणि स्वतःच खाऊ लागल्या. त्यांच्या हाताला अजून थोडा कंप होता. गेलं वर्षभर त्या हाताची एक हालचाल जिने नजरेतून सुटू दिली नव्हती, ती वल्लरी खाली मान घालून बसून राहिली. वर बघायचं तिला धाडस होत नव्हतं.