उजव्या खांद्यावरचा पदर

ये, अशी जवळ बस. कागदावर का होईना, पण बस. मागच्या आठवड्यात आलीस ती उंबऱ्यातूनच घड्याळ पाहत आलीस, अर्धा कप चहा प्यायलीस आणि पुण्याची गाडी गाठायला पळालीस. ते एक वेळ चालेल. पण घरी पोचल्यावर फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, 'आजी, आमच्या भिंतीवरच्या तुमच्या काचेच्या चित्रात त्या बाईचा पदर चुकीच्या खांद्यावर होता, मी फोनमध्ये फिरवून सरळ केला.' तुला कोणी सांगितलं होतं गं? तू एका बोटानं जो पदर सरळ केलास, तो उलटा काढायला शिकताना तुझ्या सख्ख्या आजीला आठ दिवस लागले होते. शिकवणारी मी. आता पुरतं ऐक आणि मगच फोनला हात लाव.

मी माहेरची अमरावतीची. लग्न होऊन अकोल्याला आले, मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात. साठ सालाच्या जरा अलीकडचीच गोष्ट. आमचे हे सरकारी कचेरीत कारकून. दहाला डबा दिला की संध्याकाळपर्यंत दोन खोल्या आणि मी. समोर चौकटी करणाऱ्या चाचांचं दुकान होतं. देवांच्या तसबिरी, मक्का-मदिना, लग्नातले फोटो, सगळ्यांना एकाच दुकानात चौकट बसायची. काच कापताना उरलेले तुकडे ते दाराशी पेटीत टाकत. एक दिवस मी विचारलं, त्याचं काय करता. म्हणाले, "काय करणार बाई, फेकतो. तुमाले पाह्यजे त न्या, पण हात सांभाळा."

मी नेले. चित्रकलेच्या वर्गात मी जन्मात बसले नव्हते, रांगोळीवर हात बसला होता तेवढाच. चाचांच्या वडिलांनी केलेलं काचेवरचं एक जुनं चित्र दुकानात होतं, ते पाहून पाहून मी शिकले. काचेचं काम सगळं उलट्या क्रमानं चालतं. जे सगळ्यात वर दिसायला हवं ते सगळ्यात आधी काढायचं. आधी टिकली, मग कपाळ. आधी बुबुळ, मग डोळ्याचं पांढरं. दागिन्यांची जागा मोकळी सोडायची आणि मागून चहाच्या पुड्यातला चांदीचा कागद चुरगळून लावायचा. रंग सुकला की काच पालथी करायची, चित्र पलीकडच्या बाजूनं पाहायचं. रंग दारं-खिडक्या रंगवून उरलेला. माझ्या पहिल्या बाया म्हणूनच सगळ्या हिरव्या लुगड्यातल्या, आमच्या घरमालकाची दारं हिरवी होती.

आता बाया कोणत्या, तर सिनेमातल्या. टॉकीजबाहेर गाण्यांची चोपडी मिळायची, तिच्या वरच्या पानावर हिरॉईन असायची. पण ती बिचारी सदा बागेत नाहीतर नावेत. मला कंटाळा आला. मी तिला आपल्याकडे आणली. डोळ्यांवरचा काळा चष्मा राहू दिला, केसांचा फुगा राहू दिला, आणि कमरेला कापूस वेचायची ओटी बांधून वावरात उभी केली. हिरोला धामणगावच्या स्टेशनवर कापसाच्या गाठीवर बसवला, हातात भाकर आणि कांदा दिला. दुसऱ्या एकाला, कोट-टाय तसाच ठेवून, मोर्शीच्या संत्र्यांची टोपली डोक्यावर दिली.

चाचांनी भाकरवाला हिरो बराच वेळ पाहिला. "बाई, याच्या हातात भाकर काहून देल्ली?"

"मुंबईहून आला चाचा. भूक लागली असन."

"मंग कांदा थोडा मोठा करा. माणूस लांबून आला."

त्यांनीच त्यांना चौकटी घातल्या आणि दुकानात, देवांपासून जरा अंतर ठेवून, टांगल्या. येणारे-जाणारे थांबून हसायचे. हसता हसता एखादा घेऊनही जायचा. आमच्या ह्यांना मी सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कचेरीतल्या कोणाला त्या टोपलीवाल्यासारखा काढू नकोस म्हणजे झालं."

माझी खरी गिऱ्हाइकं मात्र लग्नघरची. तुम्ही आता रुखवत भाड्यानं आणता म्हणे. तेव्हा नवरीनं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू मांडायच्या, मण्यांचे पोपट, लोकरीची तोरणं, आणि नवऱ्याकडच्या बायांनी ते वाकून वाकून पाहायचं. निम्मं काम मावश्या-आत्यांचं असायचं, ते सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कोणी बोलायचं नाही. त्यात कोणाच्या तरी मनात आलं की ती चष्मेवाली काच रुखवतात काय शोभेल. झालं, त्या वैशाखात चष्मेवालीला मागणीच मागणी. प्रत्येक आई दार लोटून घेऊन आत यायची आणि हळूच म्हणायची, "बाई, नाव नका टाकू हो खाली." मी कशाला टाकते? माझी बाई मांडवात बसून मिरवायची, मला तेवढं पुरे होतं.

अशीच एक आई मागच्या गल्लीतून आली. ती तुझी पणजी. तिच्या मागे पोरगी होती, ती तुझी आजी. पोरगी हुशार, गल्लीभर कोणाचंही पत्र वाचून द्यायची, पण सुई हातात दिली तर दोरा शोधत बसायची. पणजीनं काच नेली. लग्नाला मी गेले होते. नवऱ्याची आई अमरावतीची, उंच बाई, बोलणं कमी. ती रुखवतापुढे उभी राहिली, काचेकडे पाहत राहिली, आणि म्हणाली, "हे कोणं केलं?"

"पोरीनंच," तुझी पणजी म्हणाली. "दुसरं कोण करन?"

सासूनं एकदा काचेकडे पाहिलं, एकदा नवरीच्या बोटांकडे, आणि पुढच्या पोपटाकडे गेली. मला वाटलं, चित्र आवडलं. मी खुशीत एक लाडू जास्त खाल्ला.

आषाढात, आखाडीच्या सणाला तुझी आजी माहेरी आली ती दुसऱ्याच दिवशी माझ्या दारात. तोंड उतरलेलं.

"काकू, मेली मी."

"काय झालं वं?"

"नणदेचं लगन ठरलं, मार्गशीर्षात. आत्याबाई म्हणतात, तिच्या रुखवतात तुह्या हातची तशीच काच पाह्यजे. इथंच माह्यासमोर बसून कर, म्हणतात."

आत्याबाई म्हणजे तिची सासू. मी म्हटलं, त्यात काय, मी करून देते, तू ने. ती म्हणाली, "समोर बसून, काकू. ऐकून राहिल्या ना तुमी?"

"मंग सांगून टाक. सगळ्याच पोरी आणतात."

तिनं मागे हात करून दार लोटलं. मग म्हणाली, "मायनं भर मांडवात सांगतलं, पोरीनं केलं म्हणून. आता मी नाही म्हटलं त मायले खोटारडी ठरवन ते घर. मले काय बोलायचं ते बोलू द्या, मी ऐकीन. मायले बोललेलं नाही ऐकणार मी." आणि वर, "आत्ता कुठं मले भाजीत मीठ टाकू देऊन राहिल्या, काकू."

मी काच घेतली, कुंचला घेतला, तिला समोर बसवलं. माहेरी राहायला आठ दिवस होते तिच्याकडे.

तुझ्या आजीचा हात, आता काय सांगू. कुंचला उलथन्यासारखा धरायची. टिकली आधी काढायची की कपाळ, यावर तिनं माझ्याशी पहिला दिवस नुसता वाद घातला. दुसऱ्या दिवशी टरपेंटाइननं चार वेळा काच धुतली. तिसऱ्या दिवशी तिनं माझी तयार काच उभी धरली, पाहिली, आणि विचारलं, "काकू, हिचा पदर उलटा काहून?"

"कोणता पदर उलटा?"

ती उठून माझ्यासमोर उभी राहिली. स्वतःचा पदर हातात धरून दाखवला, डाव्या खांद्यावरून मागे. मग काचेतली बाई माझ्यापुढे केली. तिचा पदर उजव्या खांद्यावरून मागे. ना आपल्यासारखा, ना गुजराती बायांसारखा. जगात कोणतीच बाई असा पदर घेत नाही.

मी तशीच उठले आणि चाचांच्या दुकानात गेले. तिथं दोन चष्मेवाल्या टांगल्या होत्या. दोघींचा उजव्या खांद्यावर. मी गाण्याच्या चोपडीतलं चित्र काचेखाली ठेवून वरून गिरवत होते, आणि मग काच पालथी करत होते. पालथी केली की डावं उजवं होणारच. हातात असेपर्यंत सरळ दिसायची, चौकटीत गेली की मी कौतुकानं चष्मा आणि कापूस पाहायचे, पदराकडे कोण बघतंय?

"चाचा, तुमाले दिसलं नाही?"

"दिसलं ना. पहिल्याच दिवशी." त्यांनी हातातलं काम न थांबवता सांगितलं. "माहे अब्बा कागद खिडकीवर उलटा धरून आधी उलटं चित्र काढून घेत, मंग ते काचेखाली ठेवत. मले वाटलं, तुमी मुद्दाम करून राहिल्या. कोटवाल्याच्या डोक्यावर टोपली ठेवणाऱ्या बाईले काय इचारायचं?"

मी त्यांच्याच स्टुलावर बसले. किती घरांच्या भिंतींवर माझ्या उलट्या पदराच्या बाया गेल्या, ते आठवत होते. मग घरी येऊन तुझ्या आजीला म्हटलं, बरं झालं तुला दिसलं. आता कागद खिडकीवर धर आणि तू तरी सरळ काढ.

तर ती नाही म्हणाली. "सरळ काढली त आत्याबाई दोन्ही काचा शेजारी ठेवून पाहतीन, काकू. त्या दिव्याच्या उजेडात डाळीतले खडे वेचतात. एकीच्या हातची एक बाई उलटी अन एक सरळ कशी? मले उलटाच शिकवा."

म्हणून उरलेले पाच दिवस मी तिला माझी चूक शिकवली. घोटून घोटून शिकवली. कागद उलटा करू नको, सवयीनं हात डावीकडे गेला तर थांब, पदर इकडूनच. जाताना तिच्या बाईचा चष्मा दोन तव्यांसारखा होता, एक लहान, एक मोठा. कापसाची बोंडं लाडवांसारखी. पण पदर उजव्या खांद्यावर, जिथल्या तिथे. मी तिला माझा एक कुंचला दिला आणि ती गेली.

तिचं पत्र आलं नाही. सगळ्या गल्लीची पत्रं वाचणारी पोरगी, आणि तिचं पत्र नाही. दिवाळीपर्यंत मला धड चित्र काढवेना. भाऊबीजेला अमरावतीला गेले, भावाला ओवाळलं, आणि दुसऱ्या दिवशी चिवड्याचा डबा घेऊन तिच्या सासरी. दार सासूनंच उघडलं. मी कोण, कुठली, काय सांगायचं ते वाटेत पाठ केलं होतं. तिनं बसायला दिलं, आत पाहून "चहा ठेव वं" म्हणाली, आणि मला विचारलं, "तुमीच काय त्या चष्मेवाल्या?"

माझं पाठ केलेलं सगळं गेलं. मी मान हलवली.

"वैशाखात मी चार लग्नं जेवली," ती म्हणाली. "अकोल्यात दोन, धामणगावले एक, अन चौथं आमचं. चारी रुखवतात हीच बाई. चष्मा लावून, पदर उजव्या खांद्यावर. आता चार घरच्या चार पोरी, चौघीयले पदर कोण्या खांद्यावर घ्यायचा ते समजत नाही, असं कसं होईन?"

"मंग हिले काहून बसवलं तुमी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी कुठं बसवलं? मले पत्ता पाह्यजे होता. माह्या पोरीसाठी तशीच काच पाह्यजे होती. सुनेले इचारलं असतं, कोठून आणली, त लाजली असती. म्या म्हटलं, कर म्हणते, म्हणजे घाबरून आपोआप सांगन. तर ही आखाडीहून आली अन रंग घेऊन बसलीच." तिनं पदरानं तोंड पुसलं, हसू लपवायला की काय. "आठ दिवस पाहून राहिली मी. बोटं हिरवी, लुगडं हिरवं, उंबरा हिरवा. तीनदा रडली. पण मायचं नाव नाही काढलं इनं. एका शब्दानं नाही."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

सासूनं मान न वळवता सांगितलं, "दूध असन त पूस. पाणी असन त राहू दे."

मग मला उठवून माजघरात नेलं. देवघराशेजारी, चांगल्या उजेडात, तुझ्या आजीची काच लावलेली होती. तव्यांचा चष्मा, लाडवांचा कापूस. "ही मी रुखवतात देत नाही. ही घरात राहीन," ती म्हणाली. "पोरीसाठी तुमी एक करून द्या. अन पदर हाय तसाच ठेवा. सरळ केला त लोक म्हणतीन, कोठून तरी नक्कल आणली."

तुझी आजी चहा घेऊन दारात उभी होती. तिचे डोळे लाल होते आणि चहात साखर दुप्पट होती. सासूनं आणि मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

त्यानंतर मी पुष्कळ काचा केल्या. कागद खिडकीवर कसा धरायचा ते मला आता येत होतं, पण चष्मेवालीचा पदर मी शेवटपर्यंत हलवला नाही.

तेव्हा सांगायचं ते हे, की तुमच्या भिंतीवरची काच माझी नव्हे. चष्मा नीट बघ, एक काच लहान आहे, एक मोठी. ती तुझ्या आजीची आहे. इतकी वर्षं ती तुम्हाला 'अकोल्याच्या काकूनं केली' असं सांगत आली, कारण आजही कोणी हसलं तर ते माझ्यावर ढकलता येतं. विचार तिला. आणि फोनमधला तो फोटो आधी होता तसा कर.

माझ्याकडे एक कोरी काच अजून उरली आहे, चाचांच्या पेटीतली. माझा हात आता थरथरतो, तिचा तर पहिल्यापासूनच थरथरायचा, म्हणजे आता आम्ही सारख्या झालो. तिचे गुडघे दुखतात ते मला ठाऊक आहे, म्हणून खालच्या खोलीत गादी घालून ठेवते. तिला घेऊन ये. थंडी पडायच्या आत ये, आणि या वेळी परतीचं तिकीट काढून येऊ नकोस.