वाघमारे सिस्टरांचं ठरलेलं वाक्य

नर्सकडे किस्से पोत्यानं साचतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त सांगायचे नसतात, हे आमचं दुखणं. माहेरी गेलं की वहिन्या गराडा घालतात, "सांगा की दवाखान्यातलं काहीतरी." आणि आपण मुकाट्यानं भेंडी चिरत बसायचं. आज मात्र सांगते. ज्यांचे किस्से आहेत त्यांना विचारलंय, नावं सगळी बदललीत. परभणीचं ऊन तेवढं खरं आहे.

सगळे किस्से वाघमारे सिस्टरांचे. त्या आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज, मी त्यांच्या हाताखालची स्टाफ नर्स. पेशंटची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय बाहेर काढायची नाही, ही शपथ आम्ही सगळ्यांनीच घेतलेली. सिस्टरांनी ती मनावर घेतली, एवढाच फरक.

*

आमच्याकडे माणूस ॲडमिट झाला की अर्धं गाव भेटायला येतं, आणि "काय झालंय?" हे विचारणं हा प्रत्येकाचा हक्क असतो. एकदा पेडगावचे एक आजोबा पेशंटच्या आधी सिस्टरांकडेच आले.

"काय झालंय ओ आमच्या पोराला?"

"विचारायचं ते त्यांनाच विचारा, काका."

"आवो, सख्खा चुलता हाय मी त्याचा."

"मंग तर झालंच. तुमच्यापासून कशाला लपवतील?"

आजोबा आत गेले आणि थोड्या वेळानं पडल्या चेहऱ्यानं बाहेर आले. "न्हाई सांगायलाय," म्हणाले. "मागं मी माझं ऑपरेशन लपवलं व्हतं त्याच्यापून. वचपा काढायलाय."

*

शिल्पा आमच्यात नवी आलेली, बोलकी पोर. स्टेशनवरून आम्ही तिघी शेअर ऑटोनं दवाखान्यात निघालो होतो. "मॅडम, काल त्या खिडकीजवळच्या बेडवरच्या बाई..." एवढंच ती बोलली. सिस्टरांनी ऑटो थांबवला, पैसे दिले आणि आम्हाला खाली उतरवलं. दवाखाना अजून लांब होता आणि ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. सिस्टरांनी डोक्याला रुमाल बांधला आणि चालायला लागल्या. "हं, बोल आता. इथं ऐकायला कोणी न्हाई."

शिल्पा ओढणी डोक्यावर घेऊन मुकाट चालायला लागली.

पुढच्या आठवड्यात तोच ऑटोवाला भेटला. आम्ही नीट बसायच्या आत मागे वळून म्हणाला, "ताई, त्या खिडकीजवळच्या बाईचं काय झालं मंग? त्या दिशीपासून डोक्यात घोळायलंय माझ्या."

तेव्हापासून शिल्पा ऑटोत फक्त टमाट्याच्या भावावर बोलते.

*

निवडणूक तोंडावर आलेली आणि एका पुढाऱ्याचा विरोधक आमच्या वॉर्डात. पुढाऱ्याचा स्वतःचा फोन आला. "सिस्टर, गडी प्रचाराला उभा ऱ्हाईल का?"

"साहेब, विचारायचं ते त्यांनाच विचारा."

"तुमाला बदली पाहिजे दिसतीय."

"मंग जिंतूर बघा, साहेब. माहेर हाय माझं."

सिस्टर शांतपणे ड्रेसिंगला गेल्या.

निवडणूक झाली आणि दगदगीनं हेच पुढारी आमच्याकडे ॲडमिट झाले. आता विरोधकाची माणसं चौकशीला आली. गोड बोलली, मग आवाज चढवला. सिस्टरांनी तेच वाक्य ऐकवलं. पडद्याआड सलाईन लावून पडलेले पुढारी सगळं ऐकत होते.

घरी जाताना हात जोडून म्हणाले, "सिस्टर, त्या बदलीचं मनावर घेऊ नका."

"मी कशाला घेऊ?" सिस्टर म्हणाल्या. "पण जिंतूर ऱ्हायलंच बघा माझं."

*

लग्नसराईत आमच्याकडे वेगळीच गर्दी असते, स्थळाची चौकशी करणाऱ्यांची. मुलगी कधी ॲडमिट होती का, गोळ्या चालू आहेत का. एकदा एका मुलाचे मामा आले. ज्या मुलीबद्दल विचारत होते, ती आमच्या वॉर्डाची पायरीही चढलेली नव्हती. सिस्टरांनी तिच्याबद्दलही ठरलेलंच वाक्य सांगितलं.

मामा गेल्यावर मी चिडले. "आमच्याकडं आलीच न्हाई, असं म्हणायला काय जात होतं? पोरीचं भलं झालं असतं."

"हिच्या वेळेला न्हाई म्हणले आणि उद्या दुसरीच्या वेळेला गप बसले, तर लोक त्या दुसरीबद्दल काय समजतील?"



*

मग सिस्टरांच्याच एकुलत्या लेकीला, प्रज्ञाला स्थळ आलं. मुलगा कॉलेजात शिकवणारा, दोघांची पसंती झालेली. आणि पिंगळीहून आत्याबाई, म्हणजे सिस्टरांच्या नणंद, बातमी घेऊन आल्या. हा मुलगा मागे तुमच्याच दवाखान्यात खाटेवर दिसला होता म्हणे!

त्या दिवशी मी सिस्टरांच्या घरीच होते. घर पेटलं. सिस्टरांचे मिस्टर शाळेत मास्तर, शांत माणूस. तेही म्हणाले, "तोंडानं नको सांगू. नुसती मान हालव."

सिस्टर भाकरी थापत राहिल्या. "विचारायचं ते त्यालाच विचारा."

"पोटच्या पोरीपक्षा शपथ मोठी हाय का वहिनी?" आत्याबाई रडायला लागल्या. मग माझ्याकडे वळल्या. मीही तेच वाक्य म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते किती जड आहे ते मला कळलं.

प्रज्ञानं आईशी बोलणं टाकलं. सिस्टर ड्यूटीवर हसून वागायच्या, पण डबा उघडायच्या नाहीत. मला त्यांचा राग यायचा आणि रडूही यायचं.

शेवटी प्रज्ञानंच मुलाला फोन केला. "आई सांगत न्हाई. काय असंल ते तुमी सांगा."

रविवारी तो आईवडिलांना घेऊन आला. पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगायला लागला. काय होतं, काय नव्हतं, आता काय आहे, सगळं. प्रज्ञानं मोजकेच प्रश्न विचारले, त्यांचीही त्यानं सरळ उत्तरं दिली.

"मला पसंत हाय," ती म्हणाली, आणि उठून आईच्या शेजारी जाऊन बसली.

आत्याबाईंना तरी राहवलं नाही. "वहिनी, आता तर सांग. खरं बोलायलाय का हा?"

"पाव्हण्यांचा चहा व्हायचाय अजून," म्हणत सिस्टर आत गेल्या. मी मागोमाग गेले. चहा उतू चालला होता आणि त्या ओट्याला धरून ढसाढसा रडत होत्या.

लग्न जोरात झालं. पुढारीही येऊन गेले. पंगतीत माझ्या शेजारी आत्याबाई आणि त्यांच्या पलीकडे पिंगळीच्याच एक बाई. बाईंनी जिलबीचा तुकडा मोडला आणि हळूच विचारलं, "काय गं, नवरदेवाला काय व्हतं म्हणं मागं?"

आत्याबाईंनी पदर सावरला, ताठ बसल्या.

"विचारायचं ते त्यालाच विचार," म्हणाल्या. "आमच्या घरात सांगत न्हाईत."