तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये

अकरा वेळा! एका लिफ्टसाठी एका महिन्यात अकरा वेळा बोलावणं आलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. माझा हात लागल्यावर पुन्हा अडकायची कुणाची बिशाद नाही. आणि ही बया तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये दोन मिनिटं थांबते, मग आपली आपण चालू होते. दोर, ब्रेक, दरवाजाची कुलुपं, सगळं ठणठणीत. मी तपासायला बसलो की मात्र शहाण्या मुलीसारखी सरळ वर.

चौथ्या मजल्यावर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचं ऑफिस. दिवसभर फोनवर शिव्या खायच्या, वर मॅनेजरच्याही. त्या मॅनेजरनं मला बजावलं होतं, आज लेखी द्या. दोष मशीनचा असेल तर ठीक, नाहीतर तो लिफ्टवाल्याचा, आणि उद्यापासून त्याला नारळ.

लिफ्टवाले काका साठीला टेकलेले, किडकिडीत. स्टुलावर असे साळसूद बसलेले, जसं काही त्या गावचेच नाहीत.

मी खाली उभा राहून पाळत ठेवली. चौघं एकत्र चढले, लिफ्ट सरळ गेली. मग एक मुलगी एकटीच आली, डोळे सुजलेले, हातात मेमो. झालं, अडकली. मी धापा टाकत जिन्यानं वर पोचलो, तर ही बाहेर पडतेय, केस नीट विंचरलेले, आणि चक्क हसतेय. म्हटलं, पाणी इथंच मुरतंय.

आत शिरलो, दार लावलं, काकांना खाली घ्यायला सांगितलं आणि उलटतपासणी सुरू करणार, तोच फोन वाजला. आमचे साहेब, सकाळपासून नवव्यांदा. माझा आवाज चढला, कानशिलं तापली. काकांनी शांतपणे लाल बटण दाबलं. लिफ्ट थांबली, फोनही तुटला. इथं रेंज येत नाही म्हणे. त्यांनी उठून मला स्टूल दिलं, पाण्याची बाटली दिली, धुतलेला रुमाल आणि कंगवा पुढे केला. पंख्याखाली मी गुमान बसलो. लाज वाटली, पण खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

“माझी पोर ऑफिसातून आली की नळ सोडून न्हाणीघरात रडते,” काका म्हणाले. “तिच्या ऑफिसात लिफ्ट नाही.”

मी कागद काढला आणि लिहिलं: मशीन जुनं आहे, तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये तापतं, दोन मिनिटं थांबलं की निवतं. दोष दुरुस्त होण्यासारखा नाही. मशीनची नस ओळखणारा हाच माणूस ठेवावा. वीस वर्षांची अब्रू स्वतःच्या हातानं घालवताना पेन जड झालं होतं.

मॅनेजरनं वाचलं, आठ्या घातल्या, सही केली. तेवढ्यात मुख्य ऑफिसचे साहेब खाली येऊन थांबल्याचा फोन आला. गडी पांढराफटक पडला. तसाच लिफ्टमध्ये शिरला. मी जिन्यानं उतरून खाली उभा राहिलो. दोन मिनिटं झाली, पाच झाली, सात झाली. मग दार उघडलं. मॅनेजर भांग पाडून बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

मी काकांवर उखडलो. मी लिहून दिलंय दोन मिनिटं, आणि तुम्ही सात थांबवता? माझी काही इज्जत ठेवाल की नाही?

“मी दोनला चालू करत होतो,” काका म्हणाले. “मॅनेजरसाहेबच म्हणाले, अजून थोडं राहू दे.”